मंगळवारची पाहुणी

"ही भूक नाही, पोट फुगलंय पोरीचं," असं म्हणत त्या बाईंनी गार्गीला माझ्या मांडीवरून उचललं. "चिमूटभर हिंग आणा, कोमट पाण्यात कालवून."

सासूबाई लगबगीनं आत गेल्या. त्या बाई भिंतीला टेकून पाय लांब करून बसल्या, बाळाला पायांवर पालथं घेतलं आणि पाठीवरून हात फिरवायला लागल्या. हिंगाची वाटी आली तसं तिला उताणं करून बेंबीभोवती बोटानं लेप काढला. सकाळपासून घर डोक्यावर घेतलेली पोर हुंदके देत देत गप्प झाली आणि बघता बघता झोपून गेली.

"चहा टाकते," सासूबाई म्हणाल्या.

"नको. मंगळवार असतो माझा."

पदर सारखा करून त्या उठल्या. चपला घालताना दारात जरा घुटमळल्या. काहीतरी बोलणार असं वाटलं, पण "येते" एवढंच म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. दार लावून आत्या माझ्याजवळ बसल्या आणि कौतुकानं म्हणाल्या, "हाताला गुण आहे गं तुझ्या मैत्रिणीच्या. ऑफिसातली का?"

"माझी मैत्रीण? आत्या, त्या तुमच्या भजनातल्या ना?"

"माझ्या भजनात कशाला असेल? मी तर तुझ्यामुळं तिला आत घेते."

आम्ही दोघी एकमेकींकडं बघत राहिलो. मग मला हसू फुटलं. टाक्यांना त्रास होईल म्हणून पोट धरून हसले. आत्या मात्र हसल्या नाहीत. त्या उठल्या, कपाट उघडलं, बाळाचे चांदीचे वाळे, बिंदल्या, बारशाला आलेली अंगठी, सगळं चाचपून पाहिलं. सगळं जागच्या जागी होतं.

"मग ही येते तरी कशाला?" आत्या म्हणाल्या.

ही गोष्ट दोन हजार नऊ सालची, बार्शीतली. माझी आई मी कॉलेजात असतानाच गेली होती, त्यामुळं पहिलं बाळंतपण असूनही मी माहेरी गेले नाही, आत्यांनीच केलं. मी एका डाळमिलच्या ऑफिसात हिशेबाला होते. मालकांनी तीन महिन्यांची रजा अर्ध्या पगारावर दिली होती आणि वर "आपल्याकडं अशी पद्धत नाही, पण तुमच्यासाठी" असं ऐकवलंही होतं. हेमंतचं, माझ्या नवऱ्याचं, मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या, बोअरच्या जळालेल्या मोटारी यायच्या, तो त्या उघडून तांब्याची तार नव्यानं भरून द्यायचा. हात चांगला होता. वसुलीत कच्चा.

आमच्यावर दोन कर्जं होती. एक बँकेचं, नव्या वसाहतीतल्या आमच्या फ्लॅटचं. दुसरं एका पतसंस्थेचं, दुकानात मशीन घेतलं होतं त्याचं. मी रजेवर जायच्या आधीच आम्ही वाटणी करून टाकली होती. घराचा हप्ता माझ्या पगारातून, दुकानाचा हप्ता दुकानातून. अर्धा पगार आल्यावर मी पेपर बंद केला, केबल काढून टाकली, आत्यांनी स्वतःचं दूध बंद करून काळा चहा सुरू केला. बारसं घरातल्या घरात केलं. अशी ओढाताण करून घराचा हप्ता मात्र वेळेवर जायचा. रजेत घर तोलून धरलंय याचा मला मनातून अभिमान होता. दुसऱ्यांचे हिशेब करता करता मी स्वतःचंही असं नीट चालवू शकते, असं वाटायचं.

आणि त्या सगळ्यात ही मंगळवारची पाहुणी. बारशानंतरच्या आठवड्यात पहिल्यांदा आली. बाळ बघायला रोज कोणी ना कोणी येतच होतं, तशीच ही. चाळिशीतली, सावळी, ठसठशीत कुंकू, इस्त्री नसलेली पण स्वच्छ साडी. येताना काही आणायची नाही, इथलं काही खायची नाही. पाण्याचा घोटसुद्धा नाही. बाळाला मात्र अशी घ्यायची जशी काही स्वतःची नातच आहे.

त्या दिवसानंतर आत्यांचे तर्क सुरू झाले. आधी म्हणाल्या, मूल पळवणारी असेल. मग म्हणाल्या, "मंगळवारचीच येते, काही खात नाही, पोर हातात घेतली की गप्प होते. देवीबिवी नसेल ना गं?" तिसरा तर्क त्यांनी लगेच सांगितला नाही. भाजी निवडता निवडता हळूच विचारलं, "हेमंत तुझ्याशी नीट बोलतो ना?"

"आत्या, ती त्याच्याहून दहा वर्षांनी मोठी असेल!"

"तसं नाही गं. मी आपलं विचारलं."

हेमंतला सांगितलं तेव्हा तो जेवत होता. ताटावरून मान वर न करता म्हणाला, "असेल कोणी गल्लीतली. दार उघडू नका म्हणजे झालं." दिसायला कशी आहे, काय बोलते, काही विचारलं नाही. एक अनोळखी बाई येऊन आपल्या पोरीला मांडीवर घेते आणि बापाला एक प्रश्न पडत नाही, याचंच मला त्या बाईपेक्षा जास्त नवल वाटलं. पण दुकानातून तो इतका दमून यायचा की मी पुढं बोलले नाही.

पुढच्या मंगळवारी आत्यांनी ठरवलं होतं, दार उघडायचंच नाही. बेल वाजली. आत्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मी दोन क्षण थांबले आणि उठून दार उघडलं. खरं सांगायचं तर मी सकाळपासून वाट बघत होते. बाळंतिणीच्या दुपारी फार लांबलचक असतात. धुरी, शेक, लाडू, झोप. त्यात हे एकच कोडं होतं. सरळ "तुम्ही कोण?" असं विचारलं तर ती उत्तर देऊन निघून जाईल आणि परत येणार नाही अशी मला भीती होती. म्हणून मी आडून आडून विचारायचं ठरवलं.

"नावच विचारायचं राहिलं तुमचं," मी म्हणाले.

"सुरेखा." गार्गीचे पाय सरळ करत ती म्हणाली.

"राहता कुठं?"

"टाकीखाली. क्वार्टर आहे."

म्हणजे नगरपालिकेच्या पाण्याच्या टाकीखालच्या चाळी. आमच्यापासून गावाचं दुसरं टोक. एवढ्या लांबून ही चालत यायची?

"मुलं?"

"दोघी पोरीच. धाकटी आठवीला. थोरली बारावी झाली. नर्सिंगला नंबर लागला होता तिचा."

"लागला होता म्हणजे?"

"गेली नाही." एवढं बोलून तिनं तेलाची वाटी जवळ ओढली. "टाळू भरायला रोज तेल जिरवत जा गं हिच्या. वरवर लावून भागत नाही."

जरा वेळानं तिनंच विचारलं, "हे घर स्वतःचं?"

"हो. म्हणजे अजून बँकेचंच म्हणा." आणि मला राहवलं नाही. "पण हप्ता एकदाही चुकवला नाही. अर्ध्या पगारातसुद्धा."

तिचा हात बाळाच्या डोक्यावर तसाच थांबला.

"एकदाही नाही?"

"एकदाही नाही."

"बरं असतं तसं," ती म्हणाली आणि परत तेल चोळायला लागली. त्या दिवशी ती लवकर गेली. आणि दारात घुटमळली नाही.

ती गेल्यावर आत्या बाहेर आल्या. दाराआडून सगळं ऐकलं होतं त्यांनी. "टाकीखालची आहे म्हणजे देवी नव्हे," त्या जराशा हिरमुसून म्हणाल्या.

त्यानंतरचा मंगळवार. आत्यांनी या वेळी स्वतःच दार उघडलं होतं. गार्गीच्या अंगाला तेल लावून झालं होतं, तिचे हात धरून सुरेखाबाई तिला व्यायाम देत होत्या, एक हात इकडं, एक पाय तिकडं, आणि पोर बोळकं पसरून हसत होती. इतक्यात कुलपात किल्ली फिरली. हेमंतचा टेस्टर घरी राहिला होता, तो न्यायला आला.

दारातच तो खिळला.

"वहिनी?"

सुरेखाबाईंचा हात थांबला नाही. "या भाऊजी," त्या म्हणाल्या. "बसा. तुमचंच घर आहे."

आत्यांनी माझ्याकडं पाहिलं, मी हेमंतकडं.

"भानुदासनं पाठवलंय?" त्यानं विचारलं.

"त्यांना ठाऊक नाही. ठाऊक झालं तर मला उंबऱ्याच्या आत घेणार नाहीत."

"कोण भानुदास?" मी विचारलं.

हेमंत खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. मग सुरेखाबाईच बोलल्या. "माझे मालक. पाणी सोडायला असतात नगरपालिकेत. टाकीवरच्या मोटारी बिघडल्या की भाऊजी यायचे दुरुस्तीला, तिथली दोघांची ओळख. भाऊजींनी मशीनसाठी कर्ज काढलं तेव्हा जामीन राहिले. मला विचारून नाही राहिले, पण राहिले."

आता मला पुढचं सांगायची गरजच नव्हती. मी हिशेबनीस होते. कर्जदार थकला की पतसंस्था कुणाच्या दारात जाते, हे मला पक्कं ठाऊक होतं. मिलमधल्या दोन हमालांच्या पगारातून असंच कापायचं काम मी स्वतः दर महिन्याला करत होते.

"कधीपासून?" मी विचारलं.

"उन्हाळ्यापासून कापतेत पगारातून," सुरेखाबाई म्हणाल्या.

"हेमंत, तू तर म्हणाला होतास भरतोय म्हणून."

"भरणार होतो." हेमंत म्हणाला. "कारखान्याच्या मोटारी भरून दिल्या, त्याचं बिल अडकलं. आज देतो, उद्या देतो. तुझं बीपी वाढलेलं, डॉक्टर म्हणाले हिला कसलाही ताण देऊ नका. मला वाटलं बिल आलं की एकदम भरून टाकीन, तुला कळायच्या आधी. भानुदासला भेटायची तर हिंमतच होईना. त्याच्या रस्त्यानं जायचं बंद केलं मी."

"आणि तो काय म्हणाला?"

"तो काहीच म्हणाला नाही गं," हेमंत म्हणाला. "एक फोनसुद्धा केला नाही त्यानं. तेच तर."

सुरेखाबाईंनी गार्गीला दुपट्यात गुंडाळलं आणि माझ्या मांडीवर दिली.

"मी त्यांना म्हणायची, जाऊन विचारा," त्या म्हणाल्या. "तर म्हणायचे, हेमंतच्या घरी बाळंतपण आहे, आत्ता नको. बाळंतपण झालं. म्हटलं, आता तरी जा. तर म्हणाले, ओली बाळंतीण आहे घरात, आत्ता नको. फी भरता आली नाही नि पोरीचं ऍडमिशन गेलं तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. म्हटलं, यांना भीड असेल, मला नाही. पहिल्या दिवशी मी तुमच्या दारात बोंब मारायलाच आले होते, बाई. वाटेनं येताना सगळं पाठ करत आले, काय काय बोलायचं ते. सगळी बिल्डिंग गोळा करणार होते."

"मग?"

"मग या आजींनी दार उघडलं." त्यांनी आत्यांकडं बोट केलं. "मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, 'या, या, बाळ बघायला ना? पाय धुऊन आत या.' आता त्याला काय म्हणायचं? पाय धुतले. आत आले तर तू बसलेली, केस विस्कटलेले, आणि पोरीला धड पाजताही येत नव्हतं तुला. म्हटलं, आधी एवढं दाखवावं, मग बोलावं. ते राहूनच गेलं. घरी जाऊन स्वतःलाच शिव्या घातल्या. पुढच्या मंगळवारी परत आले. यांची दुपारची पाळी असते मंगळवारी, त्यांना पत्ता लागत नाही. दर वेळी ठरवून यायची. जिच्याशी भांडायचं तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, एवढं पाळलं. भांडण तेवढं जमेना."

त्या उठल्या.

"आज झालं बोलून," पदर खोचत त्या म्हणाल्या. "आता नाही यायची मी."

त्या गेल्यावर हेमंत खाली मान घालून बसला. मला त्याच्यावर ओरडायचं होतं, पण डोक्यात वेगळंच घुमत होतं. "एकदाही नाही?" असं त्यांनी मागच्या आठवड्यात विचारलं होतं आणि मी छाती पुढं काढून "एकदाही नाही" म्हणाले होते. आमचं एक कर्ज वेळेवर फिटत होतं, कारण दुसरं त्यांच्या घरात फिटत होतं.

"दुकानामागची खोली केवढी आहे?" मी हेमंतला विचारलं.

"का?"

"हा फ्लॅट भाड्यानं देऊ. भाड्यात बँकेचा हप्ता बराचसा निघतो. माझा पगार पतसंस्थेला."

"तिथं? जुन्या मोटारी पडल्यात तिथं. वार्निशचा वास येतो. लहान लेकरू घेऊन?"

"मोटारी बाहेर काढ."

हेमंतनं आईकडं पाहिलं. या घरासाठी आत्यांनी त्यांच्या वाटणीची शेतजमीन विकली होती. गॅलरीत तुळस लावून जेमतेम वर्ष झालं होतं. त्या काय म्हणतील याची मला धास्ती होती. आत्यांनी गार्गीचं दुपटं सारखं केलं.

"खोलीत नळ आहे का?" त्यांनी विचारलं.

"दारात आहे."

"मग झालं तर," आत्या म्हणाल्या.

दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी आम्ही तिघं, गार्गीला घेऊन, टाकीखालच्या चाळीत गेलो. बाळंतिणीनं इतक्यात घराबाहेर पडू नये हे आत्याच मला रोज सांगायच्या, पण त्या दिवशी त्यांनीच माझ्या कानाला रुमाल बांधला. भानुदास ढगे दाराशी सायकल पुसत बसले होते. हडकुळे, पांढऱ्या मिशा. हेमंतला पाहिलं आणि ते उठून आत पळालेच जवळजवळ. शर्ट घालून बाहेर आले.

"अरे, बाळाला घेऊन कशाला आलात? मीच येणार होतो बघायला," ते म्हणाले. आणि मग दारात उभ्या असलेल्या बायकोकडं त्यांची नजर गेली. सुरेखाबाई नजर चुकवत होत्या. "तू गेली होतीस?"

"गेले होते."

"काय बोललीस?"

"काही बोलल्या नाहीत हो त्या," मी मध्येच म्हणाले. "पाच आठवडे येऊन माझ्या पोरीला तेल लावलं त्यांनी."

भानुदासांना यातलं काही कळेना. ते एकदा तिच्याकडं, एकदा आमच्याकडं बघत राहिले. आत गेल्यावर हेमंत त्यांच्या पाया पडायला वाकला तर ते दोन पावलं मागं सरले, "अरे, असं नको, असं नको," म्हणत. इतकी वर्षं झाली, पण मला आठवतं, त्या खोलीत सगळ्यात जास्त लाजलेला माणूस तोच होता, ज्याचा काही दोष नव्हता. आम्ही फ्लॅटचं सांगितलं. कापलेले पैसे एकदम जमणार नाहीत, पण दर महिन्याला थोडे थोडे आणून देऊ, असं सांगितलं. ते नको नको म्हणत होते. तेव्हा कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसलेली थोरली मुलगी, रेवती, पहिल्यांदाच बोलली.

"नको कशाला, आप्पा? घ्या."

पुढच्या महिन्यात आम्ही दुकानामागं राहायला गेलो. रजा संपायच्या आतच मी मिलमध्ये रुजू झाले. रेवतीचं ते वर्ष गेलं ते गेलंच, ते कुणाला भरून देता आलं नाही. पुढच्या वर्षी तिनं परत अर्ज केला आणि सोलापूरला गेली. आज ती तिथल्या एका दवाखान्यात सिस्टर आहे. कारखान्याचं बिल दीड वर्षानं आलं, तेही अर्धंच. पतसंस्थेचं कर्ज फिटलं. ढग्यांचे पैसे फिटायला गार्गी शाळेत जाईपर्यंत वेळ लागला. आणि "आता नाही यायची" म्हणालेल्या सुरेखावहिनी आम्ही खोलीवर राहायला गेल्याच्या पहिल्याच मंगळवारी दारात उभ्या राहिल्या. पोरीच्या छातीत वार्निशचा वास बसेल म्हणून आत्यांशी तिथंच कडाकडा भांडल्या आणि दुपारभर तिला उचलून टाकीखाली घेऊन गेल्या. ते पुढं रोजचंच झालं.

शेवटचे पैसे द्यायला मी एकटीच गेले होते. त्यांनी ते न मोजता देवापुढं ठेवले. मला इतक्या वर्षांपासून एक विचारायचं होतं.

"वहिनी, त्या पहिल्या दिवशी तुम्ही पाठ करून काय आला होतात?"

"जा गं. ते कशाला आता?"

"सांगा ना. मला ऐकायचंय."

"वाईट होतं फार."

"असू दे."

मग त्या खरंच उठून उभ्या राहिल्या. पदर कमरेला खोचला, एक हात कमरेवर ठेवला, दुसरा माझ्या तोंडासमोर नाचवला आणि आवाज चढवला, "काय गं ए, माडीवर राहतीस, फ्रीजचं गार पाणी पितीस, आणि माझ्या लेकीच्या तोंडचा घास..."

शेजारच्या दोन बाया धावत दाराशी आल्या. वहिनींचा हात हवेत तसाच राहिला. ओठ हलले, पण पुढं काही येईना.

"विसरले बघ," त्या म्हणाल्या. "बरंच होतं पुढं."

मी अजून अधूनमधून विचारते. त्यांना आठवत नाही.